बोरॉनची काडेपेटी

जळोची, बारामती
शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

चि. युवराज यास अक्काचे आशीर्वाद.

मी इकडे बरी आहे. तिकडची खुशाली विचारत नाही, कारण ती कळली आहे. कालपासून तुझे सतरा फोन येऊन गेले. एवढे फोन तू मला अकरा वर्षांत केले नसशील. मी उचलला नाही. म्हटलं, धाकट्या भावाला निवांत पत्र लिहावं.

खोली लहान आहे, पण पाणी वेळेवर येतं. दारात तेलाच्या डब्यात एक गुलाब लावलाय, देशी, वासाचा. त्याला शेणखताशिवाय काही लागत नाही.

परवा तुझी बायको येऊन गेली. तू तिला माहेरी हाकललंस, तर सुप्याच्या गाडीत बसण्याआधी छकुली माझ्याकडे आली. गाल सुजला होता. रुमालात पॉलीहाऊसमधल्या गुलाबाची पानं बांधून आणली होती. खालची जुनी पानं, कडा तपकिरी होऊन करपलेल्या, मधे तेवढी हिरवी. मला बघायचीही गरज नव्हती, पण ते पुढे सांगते.

"अक्का, माझंच माप चुकलं आसंल," ती म्हणाली. "ह्यांनी सगळ्या बायांदेखत मारलं. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

मी तिला चहा दिला. पोहे केले. एसटीत बसवून दिलं. जाताना ती माझ्या पाया पडली.

तुला आठवत असेल, आबांच्या वेळी आपल्याकडे खतं मोजायला वजनकाटा नव्हता. आबा रिकाम्या काडेपेटीनं बोरॉन मोजायचे. टाकीला एक काडेपेटी, वर बोट फिरवून सपाट. नवरा गेल्यावर मी निमगावला परत आले तेव्हा त्यांनी ती काडेपेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "साखरे, लोह-जस्त थोडं इकडं तिकडं चालतं. ह्याचं न्हाय. कमी पडलं तर कळी चेपकी येती, जास्ती झालं तर पान जळतं." तू तेव्हा पुण्यात होतास, कसला तरी कोर्स करत. अकरा वर्षं मी ते माप केलं. पानाकडे बघून झाडाला काय कमी पडलंय ते मला कळायचं. तुला अजून लोहाची पिवळी आणि मॅग्नेशियमची पिवळी वेगळी ओळखता येत नाही.

मग आबा गेले आणि तू मला इंदापूरला तहसीलात घेऊन गेलास. वाटेत उसाचा रस पाजलास. "अक्का, नुसता कागद हाय. गुलाब तुझंच. मरंस्तवर तूच बघायचं." मी हक्कसोडपत्रावर सही केली. बहिणी करतातच. रीतीप्रमाणे तू साडी दिलीस, मोरपिशी. चार महिन्यांनी सल्लागार आणलास आणि मला म्हणालास, "तुझं वय झालं आता. हितं राहून काय करणार?" निघताना माप छकुलीला शिकवून जा, एवढं मात्र सांगायला विसरला नाहीस.

मी शिकवलं. पोरगी हुशार आहे. काडेपेटीवर बोट फिरवताना श्वास रोखून धरते.

आता ते सांगते. डिसेंबरात, छाटणी झाल्यावर, तिचा मला फोन आला होता.

"अक्का, बोरॉनची पुडी नवी आलीया. जुन्यापेक्षा बारीक हाय. माप तेच न्हवं?"

नव्या पुडीत जुनीच्या जवळजवळ दुप्पट बोरॉन असतं. मला ठाऊक होतं. तुलाही मी सांगितलं होतं, नवी आणलीस तर अर्धीच काडेपेटी टाकायची. तू मोबाइलमधून मान वर न काढता "व्हय, व्हय" म्हणालास.

मी छकुलीला म्हणाले, "तेच."

दर आठवड्याला ती तेच माप टाकत गेली, मी शिकवलं तसं. मी इथे दिवस मोजत होते. मला वाटलं होतं तुझी पानं करपली की मला बरं वाटेल, आणि खोटं कशाला बोलू, वाटलं. पण तो सुजलेला गाल मी हिशेबात धरला नव्हता. ती पाया पडली तेव्हा मला माझी लाज वाटली. तरी मी तिला काही सांगितलं नाही. ते तू सांग. सुप्याला जा आणि तिच्या आईबापासमोर हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव.

राहता राहिले गुलाब. फोन त्यासाठीच करतोयस, मला माहीत आहे. सगळी खतं बंद कर. ठिबकमधून नुसतं कालव्याचं पाणी सोड, बोअरचं नको. सलग चार दिवस, बेड तळापर्यंत धुऊन निघाले पाहिजेत. बोरॉन पाण्याबरोबर खाली उतरतं. हे आज सुरू केलंस तर वरच्या फुटी वाचतील आणि चौदा फेब्रुवारीचा माल निघेल. चार-पाच दिवसांनी केलंस तर झाडं जगतील, माल मिळणार नाही.

पेटीतली आजची डाक मघाशीच गेली. परवा रविवार, त्यात सव्वीस जानेवारी. साधं टपाल आहे, तुला मंगळवारी मिळेल.

निमगाव केतकीला एसटीनं तासाभराचा रस्ता आहे. फोन उशाशीच पडलाय. लिहितानाही वाजतोय, तुझाच आहे.

पाकीट चिकटवते आता. तहसीलात आबांचं नाव लावून केली तीच सही इथे करते.

तुझी,
साखर गेणबा