सूनबाईच्या सुरीवर लाल खडू

१ सप्टेंबर, सोमवार

सुरी कसली, पोस्टकार्ड आहे! सकाळी चहाच्या कपाशेजारी सूनबाईने आणून ठेवली. "बाबा, महिनाभर वापरा. आणि खरं लिहा." मी ती धारेकडून डोळ्यांसमोर उभी धरली तर पातं दिसेचना. म्हटलं, "उरलेली सुरी कुठे आहे?" हसली नाही. घाबरलेली माणसं माझ्या विनोदांना हसत नाहीत. तसं इतर वेळीही फारसं कुणी हसत नाही.

कारखान्यात चौतीस वर्षं मी पोलादाचा कडकपणा तपासला. न पटलेल्या मालावर लाल खडूने फुली मारायची, माल परत. पाठीमागे मला सगळे "लाल खडू" म्हणायचे. समोर "साहेब" म्हणायचे, तेही नाइलाजाने.

ही इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या घडवत बसली. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. महिन्यातून दोनदा येतो, पिशवीसुद्धा पुरती उघडत नाही. त्याच्याच शहरात सुऱ्यांचा एक म्हातारा उस्ताद आहे, वर्षाला एकच माणूस हाताखाली घेतो. त्याला हवी एक सुरी आणि सोबत महिनाभर वापरल्याचा अहवाल. तीस तारखेपर्यंत पोचायला हवं.

मी विचारलं, "घरचा तपासनीस चालतो का?"

"त्यांनी विचारलं कोण आहे. मी म्हटलं, चौतीस वर्षं माल परत पाठवणारा माणूस. ते म्हणाले, मग घरचा असला तरी चालेल."

सुरी पास झाली तर सूनबाई तिकडे. नापास झाली तर इथे. हे कुणी बोललं नाही. पण मला बेरीज येते.

२ सप्टेंबर, मंगळवार

जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. बायको गेल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदाच. पात्याची पाठ मुठीजवळ दोन मिलिमीटर, टोकाकडे जाता जाता पाऊणच. लांबी वीतभराहून जरा कमी. न मिटणारी, एकसंध — पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलंय, दोन्ही बाजूंनी लाकूड, तीन रिव्हेट. वजन नाहीच म्हणा. हातात घेतली की आपण काही धरलंय हे विसरायला होतं, आणि सुरीच्या बाबतीत ते काही बरं नव्हे.

खोट नंबर एक सापडली! मुठीच्या मागच्या कोपऱ्याला करंगळी घासते. सांगितलं. दहा मिनिटांत कोपरा गोल करून आणला. अशाने माझा महिना कसा जायचा?

४ सप्टेंबर, गुरुवार

टोमॅटो कापला. कापला म्हणजे काय, सुरी टोमॅटोतून गेली आणि टोमॅटोला ते कळायला वेळ लागला. चकत्या अशा की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. कांदा चिरला, डोळ्यांना पाणी नाही. आधी वाटलं कांदाच गरीब निघाला.

खोट नंबर दोन: गंजते. साध्या कार्बन पोलादाची आहे, स्टेनलेस नाही. लिंबू चिरून तशीच ठेवली तर संध्याकाळी पात्यावर तांबूस ठिपके. सूनबाई म्हणाली, "बाबा, वापरली की पुसायची, कोरडी करायची, अधूनमधून तेलाचं बोट फिरवायचं." सुरी आहे की जावई!

५ सप्टेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी तिच्या छापील कागदावर दोन ओळी लिहायच्या आहेत. लिहिलं: "कापते उत्तम. हाताला हलकी. मात्र चार माणसांच्या घरात तीन जण पुसायला विसरतील, तेव्हा गंज धरून चालावे." एकूण एक अक्षर खरं. तिने वाचून मान हलवली. "हे बरोबर आहे," म्हणाली. वाद नाही, रुसवा नाही. कारखान्यात असे चार जण असते तर माझं ब्लडप्रेशर आज एवढं नसतं.

८ सप्टेंबर, सोमवार

शेजारचे पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून दुसऱ्यांची पार्सलं उघडायची हौस जात नाही. मी आत चहा टाकायला गेलो. बाहेर येऊन पाहतो तर हा गृहस्थ सुरीच्या टोकाने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतोय! पाऊण मिलिमीटरचं टोक, आणि त्याला हा पहारीसारखा लोंबकळतोय! मी ओरडलो. तो म्हणाला, "अहो, निघालं की!"

झाकण निघालं होतं. टोक धनुष्यासारखं वाकलं असणार आणि सरळ झालं असणार. भिंगातून पाहिलं, खरचटलेलंसुद्धा नाही. दुसरी कुठलीही सुरी असती तर टोक डब्यात आणि पोस्टमास्तर दवाखान्यात.

पोलादाचं असं असतं — तापवून तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच तडकतं. मग मंद आचेवर ठेवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. कमी उतरला तर धार तुटते, जास्त उतरला तर धार मुडपते. मधली जागा केसाएवढी. पोरीने ती बरोबर पकडलीय.

९ सप्टेंबर, मंगळवार

पितळी सळईवर धार दाबून पाहिली. लवली, परत आली. सात ठिकाणी. साला, एक खोट सापडेना!

११ सप्टेंबर, गुरुवार

मुलाचा फोन. त्याने दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलंय. खिडकी पूर्वेला, उस्तादाचं दुकान चालत वीस मिनिटांवर. आवाज असा की शाळेत पहिला आल्यावरही कधी नव्हता. अर्थात तो पहिला कधी आलाच नाही. शेवटी म्हणाला, "बाबा, तुम्हीपण या ना." चप्पल घातलेल्या पाहुण्याला "चहा घेऊन जा" म्हणतात, तसं.

जाऊन करू काय? इथे माझी आरामखुर्ची आहे, वाचनालय आहे, पोस्टमास्तर आहे. आणि सकाळी सातला शेडमधून ग्राइंडरचा आवाज येतो. बायको गेली तेव्हा पहिली दोन वर्षं या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. नंतर ही मुक्कामाला आली, आणि सकाळ सुरू व्हायला लागली. दुपारी काळ्या हातांनी आत येते, म्हणते, "बाबा, आज काय नापास केलंत?" मी म्हणतो, "वर्तमानपत्र."

मला ती जायला नको आहे. नवरा-बायकोने एकत्र राहावं हे मला कळतं, तरी नको आहे. लिहून टाकलं. इथे कोण वाचतंय!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कागदावर लिहिलं: "धार लवकर मुडपते. पोलाद नरम असावे."

दीड ओळ.

तिने दोनदा वाचलं. सुरी उजेडात धरली, नखावर धार फिरवली. "मला जाणवत नाहीये," म्हणाली. मग म्हणाली, "पण तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच."

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी सातला ग्राइंडर सुरू. दुसरं पातं घडवतेय. आधीच्यापेक्षा कडक ठेवणार म्हणाली.

१५ सप्टेंबर, सोमवार

लाज वाटते का? वाटते. पण जेवण व्यवस्थित जातंय, दुपारची झोपही लागतेय. लाज आणि भूक यांची काही ओळख नसावी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुसरी सुरी तयार. दिसायला जुळी बहीण. लाल भोपळा कापायला घेतला, देठाजवळ "टिक" झालं. धारेला दोन खपल्या. कडकपणा पुरेसा उतरवलाच नाही, हे मला आवाजावरून कळलं. तिलाही कळलं.

शेडच्या पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "बाबा, माझ्या हाताला कळत नाही बहुतेक. पहिली मला अगदी बरोबर वाटली होती. तीच नरम निघाली. मग मी कशावर भरवसा ठेवायचा?"

मी म्हणालो, "चहा टाकू का?"

चहा टाकला. आलं घालायला विसरलो. तिने तसाच प्याला.

२० सप्टेंबर, शनिवार

एकदा कारखान्यात मोठ्या साहेबाने केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, तडे गेलेले शंभर नग पास करा, ट्रक बाहेर उभा आहे. मी केले नाहीत. तीन महिने मला गोदामात बसवलं. त्या गोष्टीवर मी आजवर किती चहा उकळलाय, पोस्टमास्तरला ती तोंडपाठ आहे. खोटी सही करून वाईट माल पुढे सोडणारे मी ढिगाने पाहिले. चांगला माल अडवणारा आज पाहिला, दाढी करताना.

आणि यात एक गोष्ट साहेबालाही सुचली नसती. वाईट माल पास केला तर कुठेतरी एखादं यंत्र मोडतं. चांगला नापास केला तर करणाऱ्याचा हात बिघडतो. नसलेली खोट दुरुस्त करायला निघाली बिचारी, आता जे बरोबर होतं तेही मोडत चाललीय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तिसरं पातं तेलात बुडवतानाच केळीच्या सालीसारखं वाकलं. हे तिचं पूर्वी कधीच होत नसे. तेलात तिरकं घातलं असणार.

दुपारी फोनवर मुलाशी बोलत होती. "नाही पाठवत यंदा. माझी तयारीच नाहीये... अरे, बाबांनी नुसतं सांगितलं, त्यांचा काय दोष? उलट बरं झालं, तिकडे जाऊन हसं झालं असतं." 

म्हणजे मी जिंकलो. ग्राइंडर इथेच, सूनबाई इथेच. पेढे वाटायला हवेत!

उठून शेडपर्यंत गेलो. सांगायचंच, असं ठरवून. ती वर पाहून म्हणाली, "काय हो बाबा?" तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं — "आज आमटीत मीठ कमी होतं." 

"उद्या घालते जास्त," म्हणाली. आमटीत मीठ ठीक होतं. आता उद्या खारट आमटी खायची.

२४ सप्टेंबर, बुधवार

आमटी खारट. दोन वाट्या खाल्ल्या. बरोबरच आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कागदावर लिहायचा वार. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, आता काय उपयोग?" कागद घडी करून डब्याखाली ठेवला.

सकाळी सातला आवाज नाही. आठला नाही. साडेनऊला ती खोलीतून बाहेर आली आणि वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिराती पाहत बसली. मी तिला थांबवून घेतलं खरं, पण जी थांबावी म्हणून एवढं केलं ती ही नव्हे. ही नुसती घरात बसलेली कुणीतरी बाई आहे, आणि तिच्या समोर मी बसलोय.

मुलाचा फोन. "बाबा, तिला जरा सांभाळा हं. तुमचं ऐकते ती." हो रे बाबा, तोच तर घोटाळा आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उद्या सकाळी पहिली सुरी शेडमधल्या व्हाइसच्या पकडीत धरून मोडते. आत पोलादाचा दाणा कसा बसलाय ते बघते. निदान कुठे चुकलं ते तरी कळेल."

मी म्हणालो, "मोडू नकोस." 

"का?"

"चांगली आहे... म्हणजे, भाजीला चालेल."

"भाजीला दुसऱ्या आहेत की बाबा."

तीनदा प्रयत्न केला. एकदा ठसका लागला, एकदा तिचा फोन वाजला, एकदा काहीच आडवं आलं नाही, मीच ताक मागितलं. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडावर "तुमच्यात खोट आहे" म्हणत आलो. ते सोपं काम होतं.

ती भांडी आवरत होती तेव्हा ड्रॉवरमधून सुरी काढली. सत्तावीस दिवसांत एकदाही दगडावर लावलेली नाही. टोमॅटोवर ठेवली, दाब दिला नाही, नुसती ओढली. चकती पडली. मी ती खाल्ली, सुरी पुसली, कोरडी केली, तेलाचं बोट फिरवलं.

२८ सप्टेंबर, रविवार

सूनबाई, ही वही व्हाइसवर उघडी ठेवतोय, म्हणजे तू हे वाचण्याआधी सुरी तिथे जाणार नाही. बारा तारखेपासून वाच. हवं तर अकरापासून वाच. धार मुडपली नव्हती, पोलाद नरम नव्हतं, तुझ्या हाताला सगळं बरोबर कळत होतं. मी खोटं लिहिलं.

अहवाल नव्याने लिहून सही केलीय, वहीखालीच आहे. उद्या सकाळी सुरीसोबत पाठवलास तर तीसला पोचेल. मी बाहेर पडतोय, यायला वेळ लावीन. 

जमलं तर दार आतून लावू नकोस.