वास ठीक, चव ठीक

उस्ताद,

तुम्हाला मी कधी काही लिहिलं नाही. लिहायची वेळच आली नाही. दिवसभर आपण एकाच भट्टीसमोर उभे असायचो, आणि मराठी वाचायला तुम्हाला जड जायचं. आज दुपारी स्वयंपाकघर रिकामं आहे. पावसाळ्यात जंगल बंद असलं की मोहर्लीचं आपलं हॉटेलही बंद असल्यासारखंच असतं. कम्प्युटरवरच्या नोंदी मात्र रोज कराव्या लागतात, फ्रीजमध्ये काही असो वा नसो. त्या झाल्या आणि मी तिथेच बसून राहिलो.

मी कामाला लागलो तेव्हा सगळं कागदावर होतं. दाराजवळच्या खिळ्याला पुठ्ठा टांगलेला, त्याला छापील तक्ते अडकवलेले, त्यांवर हळदीच्या बोटांचे डाग. फ्रीजचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं असा नियम होता. आपण ते आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत लिहायचो, वरपासून खालपर्यंत चार, चार, चार. फ्रीजमधला थर्मामीटर मी येण्याआधीच फुटला होता आणि नवा कोणी आणला नव्हता. पण त्याच तक्त्यात शेवटचा एक रकाना होता, 'वास व चव'. तो तुम्ही कधी साठवून ठेवला नाहीत. जेवण बाहेर जाण्याआधी मी तिथे 'ठीक' लिहायचो आणि तुम्ही खाली उर्दूत सही करायचा. सही झाल्याशिवाय ताट हलत नसे, मालक आले असले तरी.

सहीच्या आधीची तुमची रीत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. पळीत रस्सा घ्यायचा, फुंकायचा, आणि जो समोर सापडेल त्याच्या तळहातावर थेंबभर टाकायचा. "सांग बे, काय कमी हाये?" मी मीठ म्हणालो की तुमचा पुढचा प्रश्न तयार असायचा. "आनं वास? धन्या-जिऱ्याच्या मागून काय येते, ते सांग." चंद्रपुरात लग्नाच्या मोठ्या डेगीवर तुमचे वडील असंच करायचे, असं तुम्ही सांगायचा. मसाला वाटणारी, भांडी घासणारी गावातली बाई होती, तिलाही तुम्ही सोडत नव्हता. ती हात पुढे करताना म्हणायची, "माह्या हातावर काऊन टाकता उस्ताद? मी का कुक हाओ?" "तू खाशीन त मरशीन का?" "मी मरन, पन मग मसाला कोन वाटन? तुम्ही?" आणि तुम्ही इतके हसायचा की पळीतला रस्सा सांडायचा.

एकदा मी घाईत होतो. हातावरचा थेंब न चाखता तसाच एप्रनला पुसला आणि 'ठीक आहे' म्हणालो. तुम्ही पळी ओट्यावर आपटलीत. "खोटं नोको बोलू. तुह्या जिभेवर लोकं जेवते." त्यानंतर दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, आळसाबद्दल रागावलात. जिभेवर लोक जेवतात, हे मी शिकवणीतलं एक वाक्य म्हणून डोक्यात ठेवलं. ते वाक्य शब्दशः खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग परदेशी पाहुण्यांचे गट यायला लागले. त्यांना पाठवणाऱ्या कंपनीची अट होती की स्वयंपाकघराच्या नोंदी कम्प्युटरवर हव्यात, आणि ज्याची जबाबदारी त्यानेच त्या भरायच्या. नागपूरहून आलेल्या मॅनेजर साहेबांनी भांडारात काचेआड कम्प्युटर बसवला. सोबत सुईचा थर्मामीटर आला. सुई भांड्यात खुपसायची, आकडा पाहायचा, तो कम्प्युटरवर भरायचा. आकडा बरोबर असेल तर चौकोन हिरवा, नाहीतर लाल. वास आणि चव यांना त्यात जागा नव्हती. मला ते बघून हसूच आलं. आम्ही सगळे कुजबुजत होतो की म्हातारा आता दोन दिवसांत ही सुई विहिरीत टाकणार.

तुम्ही टाकली नाहीत. तुमच्याइतकं त्या यंत्राच्या नादी कोणीच लागलं नाही. एका बोटाने अक्षर शोधत तुम्ही स्वतःचं नाव घालायचा. पासवर्ड म्हणून तुमच्या बकरीचं नाव ठेवलं होतं आणि ते टाइप करताना मोठ्याने म्हणायचा, त्यामुळे ते गावभर झालं. सुई पुसून एप्रनच्या वरच्या खिशात ठेवायचा, पेनासारखी. दर थोड्या वेळाने वरण मोजा, दूध मोजा, दही मोजा. मी एकदा म्हणालो, "उस्ताद, तुम्हाला याची काय गरज?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कागदावर आपन चार-चार लिहून राह्यलो होतो. हे खरं सांगते बे. याले विचारलं त कोनाच्या तोंडाकडं पाहा लागत नाई." तळहातावर थेंब टाकायचं तुम्ही तेव्हापासून जवळजवळ सोडून दिलंत. मला ते लागलं होतं. मला वाटलं, आता आमची गरज संपली.

मे महिन्यातली ती सकाळ. पाहुणे पहाटेच जीपने जंगलात गेले होते. पाहुणे बाहेर असले की डिझेल वाचवायला जनरेटर बंद ठेवायचा, हा साहेबांचा नियम. लोडशेडिंग तर रोजचंच. वीज चंद्रपुरात तयार होते आणि चंद्रपूरच्याच जिल्ह्यात नसते, यावर बाई रोज एक शिवी हासडायची. त्या दिवशी उजाडताना गेलेली वीज उन्हं चढल्यावर आली. तुम्ही नोंदीच्या वेळेपर्यंत थांबलात, मग फ्रीज उघडून सुई लावलीत. दाराचं रबर गेलेला तो फ्रीज वीज नसताना तापला होता, पण तोवर पुन्हा गार झाला होता. चौकोन हिरवा झाला. मधल्या वेळात काय झालं, हे विचारणारा रकानाच नव्हता. कागद होता तेव्हा आपण खोटे आकडे लिहीत असू, पण वीज गेली की पुठ्ठ्याच्या कडेला कोणीतरी 'लाइट नाही' असं खरडून ठेवायचं.

दह्यात भिजवलेलं चिकन आदल्या संध्याकाळपासून आत होतं. मी पातेल्यावरचं झाकण काढलं आणि मागे झालो. बाईने पदर नाकाला लावला. तुम्ही पुढे आलात, पातेल्यावर वाकलात, तोंड पार आत घातलंत, आणि शांतपणे मान वर करून म्हणालात, "ठीक हाये. कम्प्युटरमधी हिरवं हाये. चढवा." बाई म्हणाली, "उस्ताद, दिल्लगी नोका करू." तुम्ही दिल्लगी करत नव्हता. ज्या वासापाशी आम्हाला उभं राहवत नव्हतं, त्यात तुम्ही तोंड घालून उभे होता आणि तुमचा चेहरा जराही बदलला नव्हता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे. मग बाईच्या पदराकडे.

तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. काचेतून त्यांनी स्क्रीन पाहिला. "सगळं हिरवं आहे ना? मग उभे का? जीपा गेटवर पोचल्या." मी म्हणालो, "साहेब, चिकन खराब झालंय." ते चिडले. "सिस्टीम ठीक म्हणते, हेड कुक ठीक म्हणतो, आणि तू मला सांगतोस? आता चंद्रपूरहून दुसरं चिकन येईपर्यंत पाहुण्यांना काय खायला घालू?" तुम्ही पुन्हा 'टाका फोडणीला' म्हणाला असतात तर आम्ही टाकलं असतं. साहेबही तुमच्याच बाजूने होते. कढईत तेल तापलेलं होतं.

तुम्ही पळीने थोडं दही उचललंत आणि माझा हात पुढे ओढलात. "सांग." तेवढंच म्हणालात. मी हात नाकाशी नेला आणि म्हणालो, "उस्ताद, फेकून द्या." तुम्ही ते पातेलं स्वतः उचललंत, कोणाला हात लावू दिला नाहीत. मागच्या खड्ड्यात रिकामं केलंत आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर चुना आणि माती ओढलीत. साहेब मागोमाग ओरडत आले, "मग हे हिरवं कोणी केलं?" तुम्ही फावडं टेकवून उभे राहिलात. "म्या केलं साहेब. मले वास येत नाई. एटापल्लीच्या तापापासून नाई येत."

एटापल्लीचा ताप आम्हाला फक्त तुमच्या विनोदातून माहीत होता. सरकारी शिबिराचा स्वयंपाक करायला तिकडे गेलात आणि मेंदूचा मलेरिया घेऊन आलात, मी कामाला लागायच्या आधी. "कफनाचं माप घेतलं होतं माह्यं. दर्जी म्हने, उस्ताद लांब हाये, कापड जास्त लागन, म्हनून वाचलो." दर वेळी आम्ही हसायचो. त्या तापाने तुमच्याकडून काय नेलं, हे इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही. कशाला कसला वास येतो, हे आम्हीच रोज आमच्या तळहातावरून तुम्हाला सांगत होतो.

पाहुणे त्या दिवशी अंडाकरी आणि वांग्याची भाजी जेवले. कोणाला काही झालं नाही, कोणाला काही कळलंही नाही. महिना संपता संपता साहेबांनी तुम्हाला बोलावून समजावलं की कंपनीला हे चालणार नाही. ते वाईट बोलले नाहीत. तुम्ही बाहेर आलात, खिशातली सुई काढून पुसलीत आणि ओट्यावर ठेवलीत. "बरं झालं बे," म्हणालात, "लय थकलो होतो पाहू-पाहू तुमच्या तोंडाकडं." मग बसस्टॉपकडे चालू लागलात. त्याच वर्षी थंडीत चंद्रपूरहून तुम्ही गेल्याचा निरोप आला. मी माती द्यायला आलो होतो. तुमच्या घरी त्या दिवशी कोणीतरी म्हणालं, उस्तादांच्या हातची चव गेली.

आता नोंदी माझ्या नावाने होतात. वीज गेल्याची नोंद करायला एक रकाना द्या, असं मी साहेबांना दोनदा सांगून पाहिलं. बघतो म्हणाले.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, तेव्हा सांगून टाकतो. मागच्या महिन्यात मला सर्दी झाली आणि ती गेल्यावरही बरेच दिवस कशालाच वास नव्हता. कांदा नाही, फोडणी नाही, काही नाही. आता येतो आहे, थोडा थोडा. पण त्या सगळ्या दिवसांत मी सुई लावत राहिलो, चौकोन हिरवे करत राहिलो, आणि स्वयंपाकघरात कोणालाच काही सांगितलं नाही. तुम्हाला खरं तर एवढंच लिहायला बसलो होतो. बाकीचं आधी लिहून झालं.