लाल-पिवळ्या गोळ्यांचा डबा

२ एप्रिल
वावरात तुरीचा खुंट अंगठ्यात घुसला. चप्पल घालून गेलती, नवी, अंगठ्याची. पण आणलेली सुनेनं. शुभदानं आणलेल्या वस्तूचं असंच असते. हळद दाबली.
महिनाअखेरीले नातीचं, प्राचीचं लग्न. मांडवाच्या दिवशी कुंभाराघरून मडकी आणाले घरची मोठी सवाष्ण सगळ्यात पुढं, अनवाणी चालते. मोठी मीच. मारोतराव अजून आहेत, नवऱ्याचा तेवढा तरी उपयोग. मी नाही चालली तं मान जावेले, विमलले. मेली तरी जाऊ देणार नाही.

५ एप्रिल
अंगठा वांग्यासारखा झाला. शुभदानं गाडीवर बसवून आर्णीले नेलं. डाक्टर म्हणजे पोरगं, मिशीबी नीट नाही. रक्त काढलं, साखर आहे म्हणे. मी चहा गुळाचा पिते, साखर येईन कुठून?
गोळ्या दिल्या. लाल-पिवळ्या. अमॉक्सिसिलिन. सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक. बरं वाटलं तरी पुरा कोर्स खायचा अन परत दाखवायचं म्हणे. पोट भरल्यावर भाकर कोण खाते? मारोतराव खातात, पण त्यांची गोष्ट वेगळी.

७ एप्रिल
ठणका गेला. गोळ्या बंद. उरलेल्या माझ्या बिस्किटाच्या डब्यात. मारोतरावांच्या दाढेच्या, प्राचीच्या घशाच्या, सगळ्यांच्या उरलेल्या त्यातच असतात. कोणाले कोणती द्यायची ते मी रंगावरून ओळखते. शुभदा रोज विचारते, गोळी खाल्ली काय. खाल्ली म्हणते. खोटं काय त्यात? पहिले खाल्लीच ना.

१० एप्रिल
विमल शिंकत आली. नाकाचा नळ झालेला, अन विचारून राह्यली, मडक्याच्या दिवशी कोणती साडी नेसू. मागून चालणारीनं कोणतीबी नेसावी म्हटलं. तरी दया आली. डब्यातल्या दोन गोळ्या दिल्या, एक आज, एक उद्या. चिपाडासारखी बाई, तिले तिसरी कायले?
शुभदा म्हणे, सर्दीवर ह्या गोळ्या चालत नाहीत. म्हटलं, तू तहसीलात लोकायचे सातबारे पाहा, नाकं पाहू नको.

१३ एप्रिल
विमल खडखडीत बरी. आभाराचा एक शब्द नाही. जात तशीच आहे तिच्या माहेरची.
अंगठा जरा ओला. गोळी फोडून आतला भुका जखमेवर भुरभुरला. पोटात गेलेली गोळी पायापर्यंत उतरणार कधी? मी सरळ पत्त्यावर पोचवली. डाक्टर एवढा शिकला, पण त्याले हे सुचलं नाही.

१७ एप्रिल
भुक्याची मस्त खपली धरली. आतून भरून आलं असन. खोलीत वास येते. मारोतरावांचा आहे. त्यांना दोनदा आंघोळ करायले लावली. वास तसाच. म्हातारा मुरला.

२० एप्रिल
अंगठा आता अजिबात दुखत नाही. सुई टोचून पाह्यली, कळलंबी नाही. याले म्हणतात गुण. रंग काळा आहे, तो भुक्याचा. ताप आहे, तो उन्हाचा. राह्यलेल्या दिवसांच्या भरपाईले तीन गोळ्या एकदम खाल्ल्या. हिशोब चुकता.
शुभदाले दिसू नये म्हणून मोजा घातला. मारोतराव वर्षात एकदा बोलतात, ते आज बोलले. "अंगठा दाखव." म्हटलं, लग्नात दाखवला नाही, आता काय पाहता?

२२ एप्रिल, यवतमाळ
मोजा निघेना. शुभदानं ओढला तं सोबत बरंच काही निघालं. ती ओरडली, मी नाही. मोठ्या दवाखान्यात आणलं. इथल्या डाक्टरनं विचारलं, आजी, कोर्स पुरा केला होता काय. मी हो म्हटलं. शुभदानं पिशवीतून माझा डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. घरभेदी.
डाक्टर डब्यात पाहत राह्यला. मग म्हणे, "वेळेवर आला असता तं वाचवून पाह्यलं असतं. आता अंगठा काढावा लागन."
म्हटलं, लग्नानंतर काढा. म्हणे, तोवर पाय काढावा लागन.

२६ एप्रिल
काढला. आज मांडव. प्राचीनं मोबाईलवर व्हिडिओ धाडला. वाजंत्री, मडकी, अन पुढं विमल. अनवाणी. एकेक पाऊल असं टाकत होती, जसं तिचंच लग्न आहे. मारोतरावांनी तो तीनदा पाह्यला. म्हणे, चांगली चालते.

२९ एप्रिल
विमल भेटाले आली. लाडू आणले, मले चालत नाहीत म्हणून मारोतरावांना दिले. मग रुमालाची गाठ सोडून दोन लाल-पिवळ्या गोळ्या खाटेवर ठेवल्या.
"सर्दी आपोआपच गेली, जाऊबाई. म्या खाल्ल्याच नाही. तुमालेच लागल्या असत्या."
म्हटलं, नातवाचं, गोपालचं लग्न बाकी आहे, तवा मी चालन. ती उठली अन पायात चप्पल सरकवली. अंगठ्याची. माझी.
शुभदानं दिली म्हणे. जाऊबाईच्या पायात आता राहणार नाही, म्हणून.