उत्तरार्धाचं उत्तरकार्य

मु. पो. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर
भाद्रपद शुद्ध एकादशी, सन २००१

रा. रा. रामनाथराव, मुक्काम पुणे, यांस तुमचे दाजी गेणभाऊ यांचा नमस्कार, आणि तुम्ही बायकोचे धाकटे भाऊ म्हणून वर आशीर्वादही. (दोन्ही ठेवून घ्या.) तुमची तब्येत बरी असेल, मंडळींची कंबर आता वाकत असेल, अशी आशा आहे. इकडे माझा उजवा गुडघा तसाच आहे. डावा चांगला होता, पण उजव्याचं पाहून तोही शिकला. रक्तदाब डॉक्टरच्या मते ठीक आहे, माझ्या मते नाही. तुमची बहीण ठकूबाई खणखणीत आहे, आणि माझ्या रक्तदाबाचं कारणही तेच असावं.

हे पत्र मी बराखीच्या मागे, रिकाम्या गोणीवर बसून लिहितो आहे. (बराख म्हणजे आपली कांदा साठवायची चाळ. पुण्यात राहून विसरला असाल.) घरात बसून लिहिता येत नाही, कारण प्रत्येक शब्द मोठ्याने म्हटल्याशिवाय माझ्या हातून उमटत नाही. चौथीपर्यंत गुरुजींनी तसंच शिकवलं. पुढच्या इयत्तेत मनातल्या मनात लिहायला शिकवतात म्हणे, पण तोवर मी थांबलो नाही. इथे मात्र माझ्याशिवाय कुणी नाही. कांदा निवडणाऱ्या बायका चहाला घराकडे गेल्या आहेत. तेव्हा मनातलं सगळं लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचं फोनवरचं बोलणं. तुमच्यावर माझा राग नाही. (आहे, पण तो पुढे येईल.) मी तुम्हाला एवढंच विचारलं होतं की पुस्तकाच्या दुकानांतून तुमचं जाणं-येणं आहे, बाइंडिंगचा धंदा आहे, तर वैजयंती निशिगंध बाईंच्या कादंबरीचा उत्तरार्ध कधी येणार तेवढं कळवा. आता हे मला का विचारावं लागलं, ते तुम्हाला पुरतं ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गुडघ्यामुळे मला खाली बसून कांदा निवडता येत नाही. म्हणून मी बराखीत खुर्ची टाकून बायकांच्या चुका काढत असे. ह्या कांद्याला काजळी आहे, तो मऊ आहे, ही बारकी गोल्टी मोठ्या मालात कशी गेली, असं. तेव्हा ठकूबाई म्हणाली, तोंड चालवायचंच असेल तर काहीतरी वाचा. मी पोथी आणली. पोथीने पुण्य लागतं खरं, पण बायका पेंगायला लागल्या, आणि पेंगणाऱ्या बाईच्या हातून सडका कांदा चांगल्या गोणीत जातो. मग तुम्ही दिवाळीला बहिणीला दिलेली निशिगंध बाईंची कादंबरी सापडली. (आपल्याकडे निशिगंध वजनावर जातो, आडनावाला लावतात हे मला नवीन होतं.) मी पहिलं पान वाचलं. नायिका जिन्यावरून घसरली, नायकाने तिला झेलली. बायकांचे हात असे चालायला लागले की संध्याकाळपर्यंत गोण्या कमी पडल्या.

तेव्हापासून हे चाललं. तुम्ही पुस्तकं पाठवत गेलात, मी वाचत गेलो. मी संसारी माणूस, माझ्या तोंडाला काही मर्यादा आहे, म्हणून नायक-नायिका फार जवळ आले की मी ‘इथे पान फाटलं आहे’ म्हणून पुढे जात असे. एकदा साळुबाई (तिची जीभ तुम्हाला माहीत आहे, विळीशेजारी ठेवली तर विळी बाजूला सरकेल) म्हणाली, “गेणभाऊ, नेमकं तितंच कसं फाटतंय वो? उंदराला बी वाचता येतंय का काय?”

पण बाईंची पुस्तकं संपली. शेवटचं आलं त्याचं नाव काहीतरी सुगंधी आहे, परंतु आतल्या पानावर ठळक ‘पूर्वार्ध’ लिहिलेलं, म्हणून आमच्याकडे सगळ्या त्याला पूर्वार्धच म्हणतात. तुम्ही वाचलेलं नसेल. (तुम्ही पुस्तकं शिवता, वाचत नाही, हे तुमच्या प्रकृतीला चांगलं आहे.) त्यात सुदर्शन नावाचा इंजिनियर डोळ्यांना इजा होऊन आंधळा होतो. रेवती त्याची सेवा करते. मग रेवतीची जुळी बहीण येते. ऑपरेशन होतं, डॉक्टर पट्टी सोडायला हात पुढे करतो, खोलीत दोघींपैकी एकच उभी आहे, आणि तिथे कादंबरी संपते. खाली छापलं आहे, ‘उत्तरार्ध लवकरच’. पुढच्या हंगामाला उत्तरार्ध नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. आम्ही जुनी पुस्तकं पुन्हा वाचली, पुन्हा पुन्हा वाचली, शेवटी मी ‘ती लाजली’ म्हणायच्या आत बायका ‘आणि पदराशी चाळा करू लागली’ म्हणून टाकायच्या. दुसऱ्या लेखिका आणून पाहिल्या. एकीचा नायक साळुबाईला पसंत पडला नाही. “ह्यो बोलतोय लई, करत कायच न्हाई. आमच्या घरात हाय की असला एक.” त्यातच शेजारच्या संपतने आपल्या बराखीत रंगीत टीव्ही बसवला. दुपारी हिंदी मालिका. माझ्या बायका तिकडे गेल्या तर यंदाचा कांदा बराखीतच कोंब काढणार, हे मला दिसत होतं. आधीच पावसाळी हवा. वारा खेळावा म्हणून बराखीच्या भिंती पट्ट्यापट्ट्यांच्या, मध्ये चार-चार बोटं फट, तरी कांदा घाम काढतो आहे.

म्हणून फोनवर तुम्हाला विचारलं. आणि तुम्ही काय म्हणालात? “दाजी, बाई आता नाहीत—” आणि लाइन तुटली.

रामनाथराव, माणसाने वाक्य कुठून सुरू करावं याला काही पद्धत आहे. ‘बाई आता लिहीत नाहीत’ असं सरळ म्हटलं असतंत, तर लाइन कुठेही तुटली असती तरी बाई जगल्या असत्या. तुम्ही ‘नाहीत’ आधी म्हणालात आणि ‘लिहीत’ तारेत राहिलं. मी बूथवाल्याला पुन्हा लावायला सांगणार होतो, पण कुणाच्या जाण्याची बातमी दोनदा विचारू नये, म्हणून तसाच बराखीत आलो आणि म्हणालो, बाई गेल्या.

साळुबाईच्या हातातला कांदा पडला. तिच्या शेजारी निवडत बसलेल्या कोंडाबाईने गळा काढला. (कांद्यापुढे बसलेल्या बाईचं रडणं खरं किती ते ओळखणं अवघड, पण ती उठून बाहेर जाऊन रडली, म्हणजे खरंच असणार.) मग ठरलं की दहावा होईपर्यंत कांद्याला हात लावायचा नाही. मी म्हणालो, बाई आपल्या नात्यातल्या ना गोत्यातल्या, आपल्याला सुतक कसलं? साळुबाई म्हणाली, “तिनं आमाला हसवलं, रडवलं, दुपारच्याला झोपू दिलं न्हाई. आमच्या नणंदांनी तरी येगळं काय केलंय?”

दहावा कुकडीच्या घाटावर केला. भटजींनी विचारलं, क्रियेला कोण बसणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मिशी गेली, रामनाथराव. लग्नात होती ती मिशी. भटजींनी गोत्र विचारलं, मी निशिगंध सांगितलं. पंचायतीला उभं राहणारे एक पुढारी दहावा दिसला की थांबतात, तसे थांबले आणि बाई आमच्या घराण्यातल्याच समजून श्रद्धांजली वाहून गेले. बाईंनी खस्ता खाल्ल्या, रानात राबल्या, तोंडातून कधी शब्द काढला नाही, असं बोलले. शब्द काढला नाही म्हटल्यावर साळुबाई हसली, ते त्यांना हुंदक्यासारखं वाटलं.

आणि मग कावळा शिवेना. पिंड ठेवला, सगळे लांब झालो, कावळा बाभळीवर बसून माझ्या वरच्या ओठाकडे बघत होता. कोंडाबाईने बाईंच्या नावाने साडी बोलली. ठकूबाई म्हणाली, बाई, तुमची पुस्तकं जपून ठेवू. कावळा ढिम्म. ऊन चढलं. शेवटी साळुबाई म्हणाली, “तिचा जीव उत्तरार्धात आडकलाय. गेणभाऊ, शबुद द्या.” मला काही कळायच्या आत मी हात जोडून उभा होतो आणि म्हणत होतो, बाई, तुम्ही निर्धास्त जा, सुदर्शनची पट्टी मी सोडतो, रेवतीचं लग्न मी लावून देतो. शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नव्हता, तोच कावळा खाली आला आणि शिवला. बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आजवर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. (ठकूबाईनेसुद्धा. पण मिशी नसल्यामुळे असेल.)

दुसऱ्या दिवशी तुमचं कार्ड आलं. बाई कोथरूडला खुशाल आहेत, रोज फिरायला जातात, फक्त लिहीत नाहीत. कारण काय, तर प्रेमाचा कंटाळा आला. हे वाचून मी ओट्यावर बसलो तो बसलोच. कंटाळा? मी जन्मभर कांदा करतो. भाव नसला तरी करतो, गारपीट झाली तरी करतो, रोज डोळ्यांत पाणी येतं तरी करतो. कंटाळा आला म्हणून रोप टाकायचं कधी थांबवलं आहे काय? आणि जिवंत बाईच्या पिंडाला कावळा शिवला, याचा अर्थ काय? त्यांना यातून काही अपाय तर होणार नाही ना? खोकला वगैरे आहे का, ते आडून पाहा.

बायकांना हे सांगायची सोय राहिली नाही. सांगितलं तर मी खोटा, त्यांचं रडणं खोटं आणि गावचा कावळाही खोटा. म्हणून मी उत्तरार्ध आल्याचं जाहीर केलं. घरात कांद्यावरच्या करपा रोगाचं माहितीपुस्तक पडलं होतं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि ते समोर धरून मनचंच वाचतो आहे. मनातली गोष्ट सांगताना नजर सवयीने खाली जाते. परवा सुदर्शन रेवतीचा हात हातात घेत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागले.’ कोंडाबाईला वाटलं रेवतीला काही झालं. ती रडली. मग मला रेवतीला दोन दिवस आजारी पाडावं लागलं.

पट्टी मी अजून सोडलेली नाही. सोडली की गोष्ट संपली आणि बायका संपतकडे गेल्या, ही एक भीती. निम्मी बराख अजून निवडायची आहे. तोवर डॉक्टर परगावी जातो, कात्री सापडत नाही, लाइट जाते. साळुबाईने काल विचारलंच, “एवढ्या येळात माझ्या सासूचे दोन्ही मोतीबिंदू निघाले असते. डाक्टर हाय का कंपाउंडर?” शिवाय पितृपंधरवडा तोंडावर आला. बाई सवाष्ण गेल्या म्हणून कोंडाबाई त्यांची अविधवा नवमी घालायला निघाली आहे. मी दुसऱ्यांदा बसणार नाही. मिशी आत्ता कुठे हाताला लागते आहे.

असो. मुलाबाळांना आशीर्वाद. कमी-जास्त लिहिलं असल्यास सांभाळून घ्या. पुढच्या वेळी फोनवर बोलाल तेव्हा वाक्याचं महत्त्वाचं टोक आधी पाठवा.

तुमचे दाजी,
गेणभाऊ

ता. क. — बाई जिवंत आहेत हे तुमच्या बहिणीला कळवू नका. तुम्ही आणि मी, दोघांतच राहू द्या.

दुसरा ता. क. — खरं काम राहिलंच. सकाळच्या गाडीने निवडक कांद्याची एक गोण तुमच्याकडे पाठवली आहे. ती घेऊन बाईंकडे जा. म्हणावं, लिहू नका, कंटाळा आला तर आला. फक्त तोंडी सांगा, पट्टी सुटली तेव्हा समोर रेवती होती की तिची बहीण? कांद्यासाठी विचारतोय असं सांगा. पण खरं तुम्हाला सांगतो, कांदा गेला तरी चालेल. मला रात्री झोप लागत नाही. ती रेवतीच असेल ना?

तिसरा ता. क. — घात झाला. वरची ओळ लिहून मान वर केली, तर बराखीच्या प्रत्येक फटीत एक डोळा. चहा कधीच झाला होता. ‘मिशी गेली’पासून सगळं त्यांनी ऐकलं. साळुबाई म्हणाली, “त्ये ‘बाई कोथरूडला खुशाल आहेत’ तेवढं परत एकदा वाचा.” मी वाचलं. कोंडाबाई “जिती हाय माझी माय!” म्हणून पहिल्यापेक्षा जोरात रडली, आणि मग सगळ्या इतक्या हसल्या की संपत त्याचा टीव्ही सोडून बघायला आला. ठकूबाई म्हणाली, “मला ठावंच व्हतं. करप्याचं पुस्तक मीच नव्हतं का आणलं शेतकरी मेळाव्यातनं?”

मी म्हणालो, तर मग उद्यापासून वाचन बंद. त्यावर साळुबाई म्हणाली, “बंद कशापायी? बाईला कंटाळा आलाय, तुमाला आलाय व्हय? शबुद तिनं न्हाई दिला, तुमी दिलाय, कावळ्याम्होरं. उद्या पट्टी सुटली पायजे.” आणि जाता जाता वळून म्हणाली, “आन् त्या वक्ताला पान फाटलं म्हनायचं न्हाई.”

तेव्हा बाईंना माझ्या वतीने काही विचारू नका. पट्टी मीच सोडतो. गोण मात्र त्यांना द्या, दहावा घातला आहे, काहीतरी पोचायला हवं. आणि सहज विषय निघाला, त्यांनी आपण होऊन सांगितलंच, तर मला कळवा. कार्डावर नको, बंद पाकिटात. घाटावर जाऊन वाचीन. तिथे मोठ्याने वाचलं तरी ऐकायला फक्त कावळा असतो.