रंगाचा खर्च आणि हिचे नवे डोळे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला कसा आहे? (औषध घेत नसतील तर सांग, मी फोनवर रागावतो. ते माझं ऐकत नाहीत, पण रागावून मला बरं वाटतं.) इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी एकटाच, ठीक. आमची ही डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तुझ्याकडे येऊन महिना होत आला. तू तिच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घातलेस, तिला वाकू दिलं नाहीस, चुलीजवळ जाऊ दिलं नाहीस. आभार मानले तर तू मला झापशील, म्हणून मानत नाही. पण ताई, एक अडचण झाली आहे. तुझ्या त्या डॉक्टरांनी काम फारच चांगलं केलंय.

तुला ठाऊकच आहे, ही तिकडे असेपर्यंत घराला रंग लावून ठेवतो असं मी कबूल केलं होतं. धूळ उडणार, वास येणार, ते तिच्या डोळ्यांना नको. म्हणून तर ऑपरेशन झाल्यावर पट्टी सुटायचीही वाट न बघता मी परत आलो. रंग लावा म्हणून ही कैक वर्षं मागे लागली होती. भिंतीचे पोपडे तिला दिसत नव्हते, पण संध्याकाळी घरातल्या बोळातून जाताना भिंतीला हात लावत लावत जायची आणि हाताला पापुद्रे चिकटायचे. मग तो हात माझ्यासमोर धरायची. बोलायची काही नाही. (बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.)

तर मी रंगाऱ्याला बोलावलं. त्याला आमच्या गल्लीत सगळे इंजिनीअर म्हणतात, कारण तो भिंतीवर बोटाची पेरं वाजवून ऐकतो आणि मान हलवतो. त्याने प्रत्येक खोलीत मान हलवली. पोपडे खरवडणं, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरणं, घासणं, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, असं सगळं धरून त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी आधी खाली बसलो आणि मग त्याला चहा दिला. (उलट करायला हवं होतं. चहा झाल्यावर त्याने शिडीचं भाडं वाढवलं.) आता माझा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला. तिथे कुणी दहा वस्तू मागितल्या की आम्ही पाच द्यायचो, आणि कारखाना काही बंद पडला नाही. त्या हिशेबाने मी इंजिनीअरला म्हटलं, निम्म्यात बसव. त्याला अजिबात राग आला नाही. तो म्हणाला, बसवतो की काका, कुठल्या भिंती सोडायच्या तेवढं सांगा.

इथे माझी अक्कल चालली, ताई, आणि ती चालली की काय होतं हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. मी विचार केला, रंग कुणासाठी? हिच्यासाठी. मग हिला जे दिसतं तेवढंच रंगवायचं. हिचा एक जुना चष्मा खणात पडला होता, जाड भिंगांचा. तो मी नाकावर चढवला, हातात पेन्सिल घेतली आणि घरभर फिरलो. ज्या भिंतीची घाण त्या चष्म्यातूनही दिसेल तिच्यावर खूण करायची, बाकीच्या पास. ताई, काय सांगू तुला, इतकं देखणं घर मी जन्मात पाहिलं नव्हतं! कुठे डाग नाही, कुठे ओल नाही, सगळं कसं मऊ मऊ. मोरीवरची ओल तर कुणीतरी मुद्दाम काढलेल्या नक्षीसारखी वाटली. दोनदा टेबलावर आपटलो, एकदा कपाटाला सॉरी म्हणालो, आणि खिडकीतून शेजारीण बघत होती तिला पडदा समजून बाजूला सारणार होतो. पण अर्धं घर पास झालं. इंजिनीअरनेही तो चष्मा लावून बघितला आणि म्हणाला, काका, मग बाहेरची खोलीसुद्धा राहू द्या की.

बोळाच्या भिंतीबद्दल मात्र मी चष्म्याला विचारलं नाही. तिला पूर्ण लांबी भरून, घासून, उंची रंगाचे दोन हात दिले. स्वयंपाकघरही केलं, कारण तिथे ही भिंतीच्या अगदी जवळ उभी असते. बाकी ठिकाणी काटकसर. छताला हात लावला नाही, हिची मान दुखते, ती वर बघत नाही. कपाटामागची भिंत कोण बघतो, म्हणून इंजिनीअरने कपाटाच्या कडेकडेने ब्रश फिरवला. दारं बाहेरून रंगवली, आतून नाही. आणि रंगाच्या दुकानात अर्धे उरलेले डबे स्वस्तात मिळतात, तसे पांढऱ्याचे चार आणले. पांढरा म्हणजे पांढरा, असं मी समजत होतो. पण त्यातला एक निळसर निघाला, एक पिवळसर, आणि एक असा काही की त्याला बघून तापाची आठवण व्हावी. झोपायच्या खोलीत ते चारही आहेत. तरी खर्च ठरल्या आकड्यात बसला, दोन पैसे उरलेसुद्धा, आणि मी खुशीत त्या पैशांची एक खुर्ची घेतली.

आणि परवा हिचा फोन आला. ताई, तिचा आवाज! लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच फिरायला गेलो होतो तेव्हा ती अशी बोलत होती, त्यानंतर परवाच. तुझ्या पंख्याच्या पात्यावरची धूळ तिला दिसली. दाजींच्या शर्टाचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय ते दिसलं. समोरच्या गच्चीवर कोण बाई कुठल्या रंगाचे चिमटे लावते तेही सांगितलं. वन्संच्या छताला कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे, म्हणाली. म्हणजे वर बघते ती आता! मला तिच्यासाठी इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी माझी नजर आमच्या छताकडे गेली. रविवारी येते, म्हणाली. घर बघायचंय.

फोन ठेवला, स्वतःचा चष्मा पुसला आणि घर बघितलं. ते कसं दिसतं हे मी लिहीत नाही, तू माझी बहीण आहेस, तुला वाईट वाटेल.

धावत इंजिनीअरकडे गेलो. तो दुसऱ्या कामावर शिडीवर होता, तिथूनच बोलला. तुटक काम महाग पडतं म्हणे. कपाटं सरकवायची, कडा घासायच्या, चार पांढरे झाकायला आधी अस्तर द्यायचं, छतासाठी पुन्हा शिडी आणायची. सगळं मिळून आता जो आकडा झाला तो त्याच्या पहिल्या आकड्याच्याही वर गेला, आणि मी हूं की चूं न करता हो म्हणालो. (खुर्ची परत घेत नाहीत. विचारून आलो.) पैशांचं दुःख नाही, ताई. तिने एवढ्या वर्षांनी डोळे उघडून पहिल्यांदा घर बघावं आणि त्यात माझा कंजूसपणा भिंतीभिंतीवर दिसावा, हे मला नको आहे. म्हणून एवढंच मागणं, तिला आणखी एक आठवडा ठेवून घे. गुडघा दुखतोय म्हण, करमत नाही म्हण, काही म्हण. तुझ्या शब्दाबाहेर ती जाणार नाही.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्र तिच्या हाती लागू देऊ नकोस, आता ती बारीक अक्षरही वाचते.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र बंद करता करता इंजिनीअर येऊन गेला. त्याचं तिकडचं काम अडलंय, म्हणून उद्यापासून माणसं इथेच लावतो म्हणाला. शनिवारी सगळं हातावेगळं होईल, छतासकट. म्हणजे रविवारी ती आली तरी घराची अडचण नाही. तरी आठवडाभर ठेवूनच घे.

ता. क. २. का, ते तू विचारशीलच. घर बघायचंय म्हणाली, हे मी वर लिहिलं. त्याच्या आधी ती म्हणाली होती, आधी तुम्हाला नीट बघणार आहे. मला हसू आलं नाही, ताई. शेजारणीला ती नेहमी सांगते, आमच्या यांच्यात काही फरक पडला नाही हो, होते तसेच आहेत. मोतीबिंदू बोलतोय हे मला कळायचं, पण मी कशाला दुरुस्ती करू? आत बसून ऐकायचो आणि बरं वाटायचं. आता दाढांच्या जागी गाल आत गेलेत, मान बघवत नाही, कपाळ तर कुठपर्यंत आहे ते माझं मलाच ठरवता येत नाही. भिंतीचं इंजिनीअर बघेल. मला भीती वाटते गं. सोबत माझा अलीकडचा एक फोटो ठेवला आहे. ती खुशीत असेल तेव्हा सहज म्हणून दाखव, आणि चेहरा कसा होतो ते मला कळव. तोवर तिला पाठवू नकोस.

ता. क. ३. फोटो अलीकडचा नाही, निवृत्तीच्या दिवशीचा आहे. काल एक नवा काढून आणला होता, तो पाकिटात घालवेना. तेव्हा मधला फरक तूच तिला तोंडी सांग. आणि सांगताना चांगला वाढवून सांग, म्हणजे दार उघडून मी समोर उभा राहिलो की त्या मानाने बरा दिसेन.