‘चौकशी’ या शब्दाचा अर्थ दुरुस्त करून मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
शिक्षण कार्यालय, दुसरा मजला
(आवक खिडकीमार्फत)

विषय: आमच्या शाळेत झालेली चौकशी रद्द करून, आम्ही मागितलेली चौकशी सुरू करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) ‘चौकशी-आधारित अध्ययन’ याविषयीचे आपलेच परिपत्रक.
२) साधने मिळावीत म्हणून मी केलेला अर्ज, ज्यातून पुढचे सारे घडले.

महोदय,

मी या शाळेची ग्रंथपाल. आपल्या दप्तरी माझी नोंद ‘तक्रारदार’ अशी झालेली आहे. मी तक्रार केलेली नव्हती. आज करीत आहे, म्हणजे निदान नोंद तरी खरी ठरेल.

मुलांना उत्तरे पढवू नयेत, त्यांनी स्वतः प्रश्न विचारावेत, पुस्तके धुंडाळावीत, करून पाहावे आणि उत्तरापर्यंत आपल्या पायांनी जावे, या पद्धतीला आपल्या परिपत्रकात ‘चौकशी-आधारित अध्ययन’ म्हटले आहे. त्यासाठी ग्रंथालयाला कोणती साधने लागतील ते कळवावे, असेही त्यात होते. मला मनापासून आनंद झाला. आमच्याकडे पुस्तके थोडी आहेत, आणि जो एक ज्ञानकोश आहे त्याच्या ‘प’ पासून पुढचा अभ्यास वाळवीने पूर्ण केला आहे. सबब मी एक भिंग, दोन मोठे नकाशे, बरा शब्दकोश, प्राण्यांची व यंत्रांची सचित्र पुस्तके आणि पाणी तपासण्याच्या पट्ट्या मागितल्या. विषयाच्या ओळीत लिहिले, ‘शाळेत चौकशी सुरू करण्यासाठी साधने मिळणेबाबत’. शब्द आपला होता, अक्षर फक्त माझे.

आवक खिडकीवर अर्ज विषयाच्या ओळीवरून वाटले जातात आणि खालचा मजकूर कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक नव्हते. ‘चौकशी’ दिसताच अर्ज चौकशी शाखेकडे गेला, आणि तिथून एक चौकशी अधिकारी आमच्याकडे आले. आपण साधने पाठवण्यापूर्वी पाहणी करत आहात असे समजून मी त्यांना चहा दिला. मुलांनी आपापले प्रश्न कागदावर लिहून ग्रंथालयाच्या भिंतीवर चिकटवले होते, ते मी हौसेने दाखवले. साहेबांनी चष्मा लावून सगळी भिंत वाचली आणि म्हणाले, “एवढ्या तक्रारी?”

मी समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि सर्व कागद उतरवून ताब्यात घेतले. ‘मुख्याध्यापकांच्या खोलीतलाच पंखा का फिरतो?’ हा प्रश्न पक्षपात या सदरात गेला. ‘सुट्टीची घंटा उशिरा का वाजते?’ हा कर्तव्यात कसूर या सदरात. ‘पालीची शेपटी तुटल्यावरही का वळवळते?’ या प्रश्नावर साहेब थोडे अडले, मग त्यांनी विचारले, “तुटली तेव्हा पाल कोणाच्या ताब्यात होती?” हसू आवरत मी म्हटले की पाल कोणाच्याच ताब्यात नसते. ते तसेच लिहून घेण्यात आले, आणि अहवालात ‘शाळेच्या आवारावर कोणाचेही नियंत्रण नसल्याची ग्रंथपालांची कबुली’ असे त्याचे रूप झाले.

यानंतर मला साधने मिळाली, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करते. एक टेबल, एक खुर्ची आणि एक कुलूप. टेबल-खुर्ची ग्रंथालयात मांडून तिथे चौकशी कक्ष झाला आणि कुलूप पुस्तकांच्या कपाटाला लागले. पुस्तके वाचून मुले उत्तरे तयार करतील, म्हणजे साक्षीदार फितवले जातील, असे कारण लेखी देण्यात आले. साहेब पिण्याचे पाणी मात्र बाहेरून बाटलीत आणत.

मी लगोलग दुरुस्तीचा अर्ज केला की आम्हाला ती चौकशी नको होती. कळवण्यात आले की चौकशी मागे घेण्याची तरतूद नाही, परंतु ती मागे घ्यावीशी का वाटली याची चौकशी होऊ शकते. मग मी ‘शोध-आधारित’ असा शब्द घातला. त्यावर आपल्याकडून एक नमुना आला, ज्यात हरवलेल्या व्यक्तीचे वय, उंची आणि अंगावरील कपडे भरायचे होते. शेवटी मी स्वतः खिडकीवर येऊन म्हटले की साधा ‘कुतूहल’ हा शब्द चालेल का. आपल्या लिपिकांनी अदबीने सांगितले, “बाई, कुतूहलाचं टेबलच नाही आमच्याकडे.” भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी अवस्था होती. कुत्रे मात्र तोवर चावून झाले होते.

आता जे लिहिते आहे त्यासाठीच हा अर्ज आहे. वरचे वाचून आपणास हसू आले असल्यास ते इथे थांबवावे.

आमच्या सहावीच्या वर्गात एक मुलगी आहे. सदानकदा “का? का?” करते म्हणून शिक्षक तिला कावळी म्हणत, आणि तिलाही ते नाव आवडे. तिचे वडील याच शाळेत शिपाई. भिंतीवर तिचा प्रश्न होता, ‘आपल्या नळाचं पाणी पिवळं का?’ नुसता लिहून ती थांबली नव्हती. काचेच्या ग्लासात तिने प्रत्येक नळाचे पाणी धरले, वडिलांच्या मागे लागून गच्चीवरच्या टाकीतलेही मागवले, आणि सगळे ग्लास खिडकीत मांडून मला बोलावले. टाकीतले पाणी निवळशंख होते. जिन्याखालून जो जुना लोखंडी पाईप येतो त्याच्यापुढच्या नळांचे सगळे पिवळे. “बाई, टाकी नाही, पाईप गंजलाय,” ती म्हणाली. आपल्या परिपत्रकाने ज्याला अध्ययन म्हटले आहे ते हेच, असे मी छातीठोकपणे सांगते. पाईप गंजल्याचे तिचे वडील मुख्याध्यापकांना वारंवार सांगत आले होते. तोंडी सांगितलेले शाळेत ऐकू येत नाही.

साक्षीसाठी तिला बोलावले तेव्हा बक्षीस मिळणार अशा समजुतीने ती वेणी घट्ट घालून, ग्लास हातात घेऊन आली. मी दाराशी उभी होते. साहेबांनी विचारले, “टाकी कोण साफ करतं?” ती आनंदाने म्हणाली, “माझे बाबा.” पुढे ती पाईपचे सांगू लागली, तेव्हा साहेब म्हणाले, “विचारलं तेवढंच सांगायचं.” तिच्याकडून सही घेतली. सही करायची तिची ती पहिलीच वेळ, म्हणून तिने सावकाश, वळणदार केली.

त्या सहीवर तिच्या वडिलांना कामावरून काढण्यात आले. ‘पोटच्या मुलीनेच साक्ष दिली असल्याने अन्य पुराव्याची आवश्यकता नाही’, असे आपल्या आदेशात आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मला माहीत होती. दोर संन्याशाच्या लेकीकडून वळून घेतात, हे मला आपल्या कार्यालयाने शिकवले.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी तिला पुढे उभे केले आणि सर्व मुलांना सांगितले, “नसत्या चौकशा केल्या की काय होतं, ते बघून घ्या.” घरी तिची आजी तिच्याशी बोलत नाही. आई बोलते, पण जे बोलते ते इथे लिहिण्यासारखे नाही. वडिलांना आवारात यायची बंदी आहे, म्हणून शाळा सुटली की ते रस्त्यापलीकडे उभे राहतात आणि लेकीचे दप्तर आपल्या खांद्यावर घेतात. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटते, तिला तेच सर्वांत जास्त लागते.

पाईप बदललेला नाही. पाणी पिवळेच आहे. मात्र आपल्या अंतिम अहवालात ‘पाण्याबाबत यानंतर एकही प्रश्न उपस्थित झालेला नाही, सबब पाणी स्वच्छ झाले आहे’ असे म्हटले आहे, आणि त्याच आठवड्यात आपल्याच दुसऱ्या शाखेकडून शाळेला प्रशस्तिपत्रक आले की चौकशी-आधारित उपक्रम सर्वांत कसोशीने राबवणारी शाळा आमची. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत, पंख्याखाली लावले आहे.

तरी विनंती अशी की, तिच्या वडिलांना कामावर परत घ्यावे. दोषी कोणी लागतच असेल तर अर्ज माझा होता, विषयाची ओळ माझी होती, मला काढावे. माझे म्हणणे मी लेखी देत आहे, वळणदार सहीसह. कपाटाचे कुलूप काढले नाही तरी चालेल. आता पुस्तके मागायला कोणी येत नाही.

मूळ मागणीपैकी भिंग, नकाशे, शब्दकोश मी सोडून देते. एकच मागणी कायम ठेवते. वडिलांना काढले त्या दिवशी ती मुलगी ग्रंथालयाच्या दाराशी आली होती. आत आली नाही. तिने विचारले, “बाई, मी खोटं सांगितलं असतं तर बाबा राहिले असते का?” तिला खरे बोलायला मी शिकवले होते. सदर प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी लागणारे साधन आमच्या ग्रंथालयात नाही. आपल्या कार्यालयात असल्यास ते तातडीने पाठवावे.

आपल्या परिपत्रकाची एकमेव वाचक,
(सही)
ग्रंथपाल

दिनांक: आपला आवक शिक्का पडेल तो.

सोबत: शाळेच्या नळाचे पाणी, बाटली एक. ती त्याच मुलीकडून भरून घेतली. का हवी, हे तिने विचारले नाही.