भावोजींची लेन्स

रविवार संध्याकाळ, बसवनगुडी

अक्काचे गुडघे बरे, माझा खोकला गेला. आजारी निघाली ती भावोजींची लेन्स. ते गेल्यावर अक्कानेच मला दिलेली. उद्या ती कायमची लेकीकडे चालली, म्हणून त्याच लेन्सने तिचा फोटो हवा होता. माझ्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर आटे कसे अलगद बसले! पण फाटकातली अक्का धूसरच. डोळे माझे गेले की काय? नाही, लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याची. आटे जुळले तरी वीतभरापलीकडचं दिसेना.

अक्का हसली, "अरे, तुझे भावोजीही असेच! जवळ गेल्याशिवाय ओळख द्यायचे नाहीत. स्वल्प पुढे ये."

मग अबोली ओवणारे तिचे हातच टिपले, वीतभरावरून. चेहरा राहिला. पण बोटातली भावोजींची अंगठी लेन्सला लख्ख दिसली.